दारू सुटली की मारहाण थांबेल का?

इतर वाचकांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुमच्या ताईच्या लग्नाला अकरा वर्षं झाली. दाजी पितात आणि पिऊन आले की हात उचलतात. सध्या ते एका व्यसनमुक्ती केंद्रात दाखल आहेत. लहानपणी वडिलांनी त्यांना फार मारलं होतं, पिण्याच्या मुळाशी तो आघात आहे, असं तिथल्या समुपदेशकांनी घरच्यांना सांगितलं. दोन आठवड्यांनी ते घरी येतील. दारू सुटली, कारणही सापडलं, तेव्हा ताईनं आता माहेरून परत यावं, असं सासरचे म्हणतात आणि त्यासाठी दोन्ही घरांची बैठक ठरली आहे. शेवटी एका ओळीत तुम्ही लिहिलंय की ताई वर्षभर झोपेच्या गोळ्या घेतेय आणि नऊ वर्षांचा मुलगा हल्ली गप्प गप्प असतो. तुम्हाला जाणून घ्यायचंय, दारू सुटली की मारहाण थांबेल का?

काही घरांत थांबते, काही घरांत कमी होते, काही घरांत जशीच्या तशी राहते. तुमच्या दाजींना मी भेटलेले नाही, त्यामुळे त्यांचं काय होईल हे मी इथून सांगणार नाही. पण कोणत्या घरात काय होण्याची शक्यता आहे हे आम्ही कशावरून ताडतो, ते सांगते. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. व्यसनाच्या उपचारासाठी आलेले पुरुष आणि हिंसा सोसलेल्या स्त्रिया अशा दोन्ही बाजूंबरोबर माझं काम चालतं.

तुमच्या प्रश्नातली खरी अडचण मला अशी दिसते. दारू, बालपणीचा आघात आणि बायकोवर होणारी हिंसा हे सगळं एकच दुखणं आहे असं घरच्यांनी धरलंय. त्यामुळे एकावर औषध केलं की बाकीची दोन आपोआप बरी होतील, असा त्यांचा हिशेब आहे. ही तिन्ही एकमेकांना खतपाणी घालतात, यात शंका नाही. पण उपचार तिघांचा वेगळा करावा लागतो, आणि सगळ्यात आधी हिंसेबद्दल स्वतंत्रपणे विचारावं लागतं. ते कोणी विचारलेलं तुमच्या मजकुरात कुठेच दिसत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१), नवरा वारंवार पिऊन धुंद होतो असं सांगणाऱ्या स्त्रियांपैकी ७० टक्के जणींनी त्याच्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली होती. नवरा अजिबात पीत नाही अशा स्त्रियांमध्ये हे प्रमाण २३ टक्के होतं. पहिला आकडा भाषणांतून सगळेच सांगतात. मी घरच्यांना दुसऱ्या आकड्याजवळ थांबवते. थेंबही न घेणाऱ्या नवऱ्यांच्या घरांतसुद्धा जवळपास चौघींतल्या एकीनं हिंसा सोसलेली असते. नवरा वारंवार धुंद होत असेल तर हे प्रमाण जवळपास तिप्पट असतं, हे खरं. पण दारू नसलेलं घर म्हणजे सुरक्षित घर, असं ही आकडेवारी म्हणत नाही.

दारू नेमकं काय करते? क्लॉड स्टील आणि रॉबर्ट जोसेफ्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये मांडलेलं स्पष्टीकरण मला कामात अजूनही उपयोगी पडतं. दारूमुळे लक्षाचा झोत अरुंद होतो. समोर जे ठळक असेल तेवढंच दिसतं, परिणाम आणि बाकीचा संदर्भ अंधारात जातो. बायकोचा चढलेला आवाज ऐकू येतो, दाराआड उभं असलेलं पोर दिसत नाही. म्हणून ज्याच्या मनात आधीच राग, संशय किंवा ‘ही माझं ऐकत नाही’ ही ठुसठुस असते, त्याला दारू नेमकी त्याच जागी ढकलते. आता दुसरी बाजू. हाच माणूस तेवढीच पिऊन येताना नाकाबंदीत अडकला, तर हवालदाराला ‘साहेब, साहेब’ करतो. बारमधल्या वेटरवर, गल्लीतल्या दांडगटावर हात टाकत नाही. म्हणजे शुद्ध पूर्ण गेलेली नसते. कुणावर हात उचलला तर चालतं, हे तो पिण्याआधीच शिकलेला असतो.

म्हणून मी नवऱ्याला आणि बायकोला, दोघांना वेगवेगळं बसवून, काही प्रश्न विचारते. न पिता कधी हात उचललाय का? पिऊन घराबाहेर कुणाला मारलंय का? मारहाण नेमकी कधी होते, पिऊन आल्यावर, प्यायला पैसे मागताना, की सकाळी उतरल्यावर? शुद्धीत असताना तिचा फोन तपासणं, माहेरी जाऊ न देणं, पगार काढून घेणं, चारचौघांत पाणउतारा करणं, हे चालतं का? ती नको म्हणत असताना जबरदस्ती होते का? हा शेवटचा प्रश्न विचारल्याशिवाय बायका कधीच सांगत नाहीत, आणि विचारला की बऱ्याच जणी आधी रडतात.

फक्त प्यायल्यावरच भांडण पेटतं, एरवी धाक नाही, पैशांवर ताबा नाही, बायको मोकळेपणाने उलट बोलू शकते, अशी उत्तरं आली तर दारू सुटल्यावर मारहाण बरीच कमी होईल अशी आशा मी धरते. शुद्धीतही घरावर दहशत असेल, तर दारू ही फक्त सबब होती असं मी समजते. तिथे दारू सुटून हिंसा राहते. आणखी एक प्रकार वेगळा काढावा लागतो. वर्षानुवर्षं पिणाऱ्या काही पुरुषांना बायकोच्या चारित्र्याचा संशय इतका घट्ट धरतो की कुठलाही पुरावा, कुठलीही शपथ त्यापुढे टिकत नाही. कपडे तपासणं, पाठलाग करणं, मुलगा माझा नाहीच म्हणणं इथपर्यंत ते जातं. हा मानसिक आजार आहे, त्याला मनोविकारतज्ज्ञाची औषधं लागतात आणि त्यात जिवाला धोका असतो. तिथे समजूत घालत बसू नका.

दारूवरचा उपचार आणि हिंसा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, याचा एक पुरावा आपल्या शेजारीच आहे. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेच्या संशोधकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, धोकादायक प्रमाणात पिणाऱ्या सुमारे पावणेचारशे पुरुषांवर एक चाचणी केली. तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रशिक्षण दिलेल्या साध्या कार्यकर्त्यांनी थोडक्या बैठकांत समुपदेशन केलं. तीन महिन्यांनी, आधीचे दोन आठवडे अजिबात न प्यायलेले पुरुष समुपदेशन मिळालेल्यांत ४२ टक्के होते, न मिळालेल्यांत १८ टक्के. इतक्या कमी खर्चात हे मोठं यश आहे. पण बायकोवर होणाऱ्या हिंसेत दोन गटांत ठळक फरक दिसला नाही. यावरून दारू सोडून उपयोग नाही असा अर्थ कृपया काढू नका. अवधी लहान होता आणि ते समुपदेशन हिंसेसाठी बेतलेलंच नव्हतं. मी यातून एवढंच घेते की ज्या गोष्टीवर काम केलं ती बदलली, जिच्यावर केलं नाही ती गृहीत धरता येत नाही. याउलट येल विद्यापीठात कॅरोलिन ईस्टन या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टने दारू आणि घरातली हिंसा या दोन्हींवर एकाच उपचारात काम करून पाहिलं. २००७ च्या त्या अभ्यासात पिण्याचे दिवस कमी झाले आणि मारहाणही कमी होण्याकडे कल दिसला. त्या दिशेनं जायला हवं असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडच्या किती केंद्रांत रुग्णाला ‘तू घरी काय करतोस’ असं सरळ विचारलं जातं?

आता दाजींच्या बालपणाबद्दल. समुपदेशकांनी सांगितलं ते खोटं नाही. अमेरिकेत व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांचा १९९८ चा अभ्यास या विषयात पायाभूत मानला जातो. बालपणी मार खाल्लेला असणं, आईला मार खाताना पाहिलेलं असणं, घरात व्यसन असणं अशा अनुभवांची त्यांनी मोजदाद केली. चार किंवा अधिक प्रकार वाट्याला आलेल्यांत दारूचं व्यसन, इतर अमली पदार्थ, नैराश्य आणि आत्महत्येचे प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पट निघाला. ज्या मुलाला बापाच्या पावलांच्या आवाजावरून आजची रात्र कशी जाणार हे ओळखावं लागतं, त्याचं शरीर कायम सावध राहायला शिकतं. मोठेपणी त्याला साध्या प्रश्नातही हल्ला ऐकू येतो. पहिल्यांदा दारू घेतली की ते सावधपण प्रथमच ढिलं पडतं. ‘त्या दिवशी पहिल्यांदा शांत झोपलो’ असं मला अनेक पुरुषांनी सांगितलंय, आणि मला त्यांच्याबद्दल माया वाटते.

पण त्याच घरांत वाढलेले त्यांचे भाऊ, बहिणी असतात. ती सगळी बायकोला किंवा मुलांना मारत नाहीत. आघातामुळे दारू कशी आली हे समजतं, ताईवर हात का उचलला याचं उत्तर त्यात पुरतं मिळत नाही. शिवाय घरात हे कारण फार वेगानं हत्यार बनतं. ‘त्यानं लहानपणी किती सोसलंय, तू जरा समजून घे.’ उपचार दाजींनी घ्यायचे, सोसायचं मात्र ताईनं, अशी ती वाटणी होते. दाजींच्या आघातावर उपचार जरूर व्हावेत. ते ताईनं त्यांच्याजवळ जाऊन राहण्यावर अवलंबून नाहीत.

केंद्रातून घरी आल्यानंतरचा काळ हा सगळ्यांत जास्त गैरसमज असलेला काळ आहे. शरीरातून दारू गेली तरी झोप न लागणं, चिडचिड, अस्वस्थपणा हे महिनोन्महिने राहू शकतं. त्यात उसनवारी करून ठेवलेली असते ती माणसं दारात येतात. बायको नकळत तोंडाचा वास घेते. तो म्हणतो, एवढी सोडली तरी विश्वास नाही. डिस्चार्जच्याच दिवशी औक्षण करून सूनबाईला घरी आणतात, आणि नेमक्या या नाजूक आठवड्यांत त्या दोघांना एका खोलीत बंद करतात. माझा सल्ला असा, की ताईनं लगेच जाऊ नये. आधी काही महिने दाजींनी पाठपुराव्याच्या बैठकांना नियमित जावं. मुलाला भेटायचं ते माहेरी, घरातलं मोठं माणूस हजर असताना. दाजी बदलतायत का हे पाहायला दारू किती दिवस बंद आहे एवढंच मोजू नका. ते आपल्या तोंडाने ‘मी तिला मारलं’ असं म्हणू शकतात का, की ‘पण तिनेही’ हे शब्द लगेच मागे येतात? ताईनं ‘मला अजून वेळ हवा’ म्हटल्यावर ते थांबतात, की दोन दिवसांनी धमकी येते? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला सगळ्यात जास्त सांगून जातं.

दोघांना एकत्र बसवून समुपदेशन करावं का, हा विषय बैठकीत नक्की निघेल. मारहाण चालू असेल किंवा नुकती थांबलेली असेल तर मी ते करत नाही. त्याच्यासमोर ती जे खरं बोलेल त्याची किंमत तिला घरी गेल्यावर मोजावी लागते, म्हणून ती खरं बोलत नाही आणि समुपदेशकाला वाटतं सगळं छान चाललंय.

दारू सोडवायची म्हणून कुणी जेवणात मिसळायची पावडर किंवा गोळी देऊ केली तर ताईनं ती हातात धरू नये. त्यात बऱ्याचदा डायसल्फिरॅम असतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रुग्णाला सांगून दिलं तर ते उपयुक्त औषध आहे. न सांगता दिलं आणि त्यावर तो प्यायला, तर उलट्या, धडधड, रक्तदाब एकदम उतरणं यातून जीव जाऊ शकतो. शिवाय चहात काहीतरी घातलंय हे कळल्यावर त्या रात्री तिचं काय होईल याचा विचार देणारे करत नाहीत. तसंच पुन्हा दाखल करायची वेळ आली तर फॉर्मवर सही भावाने किंवा वडिलांनी करावी. ‘तूच मला डांबलंस’ हा राग वर्षानुवर्षं टिकतो. रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकाएकी बंद करणंही धोक्याचं आहे. पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, त्यानंतर भ्रम होऊ शकतो. ते डॉक्टरांच्या हाताखालीच व्हायला हवं.

आता ताईकडे येते, कारण तिच्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीय आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. मार खाणाऱ्या बायकांच्या शरीरातही तोच सावधपणा मुरतो. मोटारसायकल गल्लीत वळली की छातीत धस्स होतं, कडी वाजली की दचकायला होतं, झोप लागत नाही, आणि कधी कधी काहीच वाटेनासं होतं. तारखा, क्रम आठवत नाहीत. मग पोलीस चौकीत जबाब देताना ‘बाई खोटं बोलतेय’ असा शेरा येतो. अशा वेळी खेड्यापाड्यांत मिश्रीचा डबा दिवसातून चारदा उघडतो, शहरात मेडिकलमधून अल्प्राझोलमची, म्हणजे मन शांत करून झोप आणणाऱ्या गोळीची, पट्टी येते. कुणी तिला व्यसन म्हणत नाही, कारण त्यामुळे ती शांत राहते आणि स्वयंपाक वेळेवर होतो. वर्षभर रोज घेतलेली ही गोळी तिनं स्वतःहून एकदम बंद करू नये, फिट येऊ शकते. मनोविकारतज्ज्ञाच्या सल्ल्याने ती टप्प्याटप्प्याने उतरवता येते.

आधी व्यसन पूर्ण सोडा, मग आघाताचं बघू, हा बराच काळ चालत आलेला दंडक होता. जुन्या जखमा उकरल्या तर माणूस पुन्हा घसरेल ही त्यामागची भीती. लिसा नाजाविट्स या अमेरिकी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टने १९९० च्या दशकात हा क्रम बदलला. तिच्या पद्धतीत दोन्हींवर एकत्र काम होतं, आणि भूतकाळाच्या तपशिलात न शिरता आजचा दिवस सुरक्षित कसा करायचा यावर भर असतो. पुढे ऑस्ट्रेलियात कॅथरीन मिल्स आणि सहकाऱ्यांनी १०३ जणांवर केलेल्या, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आघाताच्या आठवणींवर थेट काम करूनही व्यसन वाढलं नाही, आणि आघाताची लक्षणं नेहमीच्या उपचारापेक्षा जास्त कमी झाली. सगळे अभ्यास इतके ठळक नाहीत. डेनिस हीन यांच्या ३५३ स्त्रियांवरच्या २००९ च्या अभ्यासात खास आघातासाठीचा गट आणि साध्या आरोग्यशिक्षणाचा गट, दोन्हींत सुधारणा जवळपास सारखीच झाली. माझा स्वतःचा अनुभव त्याच्याशी जुळतो. बायकांना दर आठवड्याला एक सुरक्षित खोली, तीच ती माणसं आणि आपल्यावर विश्वास ठेवणारं कुणीतरी मिळालं, तरी बरंच काही हलतं.

यात एक अट मी कधीच सोडत नाही. धोका अजून घरात असेल तर ताईचं दचकणं हे लक्षण नाही, ती परिस्थितीची अचूक पारख आहे. ते दचकणं घालवण्याचा उपचार मी अशा वेळी करत नाही. आधी सुरक्षितता.

त्यासाठी ताईला एकटीला, फोनवर नाही तर समोर बसून, विचारा: त्यांनी कधी गळा दाबलाय का? अंगावर खूण राहिली नाही म्हणून बायका हे सांगायचं सोडून देतात. नॅन्सी ग्लास आणि जॅकलिन कॅम्पबेल यांच्या अमेरिकेतल्या २००८ च्या अभ्यासात, ज्यांचा पूर्वी गळा दाबला गेला होता अशा स्त्रियांचा त्याच जोडीदाराकडून खून होण्याचा धोका सुमारे सात पट दिसला. उत्तर हो असेल, किंवा जाळून टाकीन, मारून टाकीन अशा धमक्या असतील, किंवा ती सोडून जायला निघाली तेव्हाच मार वाढला असेल, तर परत जायचा विषय सध्या बंद ठेवा.

बैठकीत बहुधा स्टॅम्प पेपरवर ‘पुन्हा मारणार नाही’ असं लिहून देण्याची तयारी दाखवतील. त्या कागदानं ताईला संरक्षण मिळत नाही. कौटुंबिक हिंसाचारविरोधी २००५ च्या कायद्याखाली मॅजिस्ट्रेटचा संरक्षण आदेश मिळतो. तो मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. ती सध्या माहेरी राहते तिथल्या न्यायालयातही अर्ज करता येतो. राहत्या घराचा हक्क आणि खर्चाची रक्कमही त्याच अर्जात मागता येते. स्त्रियांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. चौकीत फक्त एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून परत पाठवलं तर याच कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी किंवा हिंसाग्रस्त स्त्रियांसाठीचं सरकारी ‘सखी’ मदत केंद्र गाठा. १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन, मानसिक आरोग्यासाठी १४४१६ (टेलिमानस), व्यसनासाठी १४४४६, आणि तातडीला ११२. मुंबईत असाल तर वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली सुरू झालेलं ‘दिलासा’ केंद्र आहे. मार लागून उपचाराला आलेल्या बाईला तिथेच मदत मिळावी म्हणून महापालिका आणि ‘सेहत’ संस्थेनं ते उभं केलं.

राहिला भाचा. त्याच्यासमोर दाजींबद्दल वाईट बोलू नका आणि ‘बाबा आता चांगले झाले’ असंही आत्ताच सांगू नका. बाबांच्या पिण्यात आणि मारण्यात तुझी काही चूक नव्हती, हे वाक्य त्याला मोठ्या माणसाकडून, एकापेक्षा जास्त वेळा ऐकायला मिळालं पाहिजे. भेटीच्या वेळी बाबांच्या तोंडाला वास येतो का बघ, असली कामं त्याला सांगू नका, आणि आईला सांभाळायची जबाबदारी त्याच्यावर टाकू नका. वर्गशिक्षिकेला विश्वासात घेऊन, त्याला न्यायला कोण येणार त्यांची नावं शाळेत लिहून द्या, बैठकीच्या आधीच.